गोळ्याचं पार्सल होत नाही

मे महिना लागला की आमच्या रत्नागिरीच्या घरात माणसं वाढतात आणि दारात चपला मावेनाशा होतात. मुंबईचे दोन दीर, जावा, पुण्याची नणंद, सगळ्यांची पोरं आणि पोरांचे मित्र. ‘चारच दिवस येतोय गं वहिनी,’ म्हणून आलेली मंडळी आंबे संपेपर्यंत हलायचं नाव घेत नाहीत. येऊ देत बापडी! भरलं घर मलाही आवडतं. तक्रार त्यांच्या येण्याची नाहीच.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच झाले, उन्हं उतरली, तशी सगळी वरात मांडवीला निघाली. वाळूत खेळायचं, भेळ खायची आणि शेवटी बर्फाचा गोळा, हा ठरलेला कार्यक्रम. घरात उरलो आम्ही तिघी जावा आणि आत्या. रात्रीची बावीस पानं व्हायची होती ना! पायरी उतरता उतरता थोरला पुतण्या ओरडला, “काकू, तुमच्यासाठी काय आणू?” धाकटी जाऊ पोळी लाटता लाटता म्हणाली, “मला काला खट्टा!” तो हसला. म्हणाला, “भेळ आणतो. गोळ्याचं पार्सल होत नाही, काकू.”

पोर काही वाईट बोललं नव्हतं. खरं तेच बोललं होतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं, ते रात्री भांडी आवरून पाठ टेकली तरी जाईना.

तुम्हीच आठवून बघा मैत्रिणींनो. आपल्या वाट्याला जे येतं ते पुष्कळदा पार्सलच असतं. लग्नाच्या पंगतीतली जिलबी डब्यातून येते. सिनेमाची गोष्ट मुलांच्या तोंडून कळते. भेळ घरी येईस्तोवर मऊ पडलेली असते, वडा गार झालेला असतो. आपण तो तव्यावर गरम करतो, आधी सगळ्यांना देतो आणि उरला तर उभ्याउभ्या खातो. त्याचं आपल्याला काही वाटतही नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. पण गोळा हा असा वस्ताद पदार्थ आहे की तो कुणासाठी मागे ठेवता येत नाही. झाकून ठेवला तर पाणी होतं. तो खायचा तर आपल्या पायांनी गाडीपाशी जावं लागतं आणि तिथेच उभं राहून, हातावरून रंग ओघळत असताना संपवावा लागतो. थोडक्यात काय, गोळा खायचा तर बाईला स्वयंपाकघरातून बाहेर पडावं लागतं.

आणि उन्हाळ्यात त्या स्वयंपाकघरात काय असतं, हे कोकणातल्या बाईला विचारा. आमचा उन्हाळा फसवा. माझी एक मैत्रीण चंद्रपूरला असते. फोनवर म्हणते, “तुमचं काय बाई, चौतीस-पस्तीस! इथे पंचेचाळीसच्या वर गेलंय.” तिचं खरंच आहे. तिच्याकडचं ऊन अंग भाजून काढतं. पण तिच्याकडे घाम वाळतो, आमच्याकडे तो वाळत नाही. शरीर गार होतं ते घाम निघाल्यानं नव्हे, तर घाम हवेत उडून गेल्यानं. आमच्या हवेतच आधी इतकी वाफ भरलेली असते की घामाला जायला जागा नसते. मग तो नुसता निथळत राहतो, घामोळं येतं, जीव कासावीस होतो आणि पारा मात्र शहाण्यासारखा चौतिसावर बसलेला असतो.

हवामान खात्याच्या हिशेबातही हा फरक आहे. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर जावा लागतो, किनाऱ्याला मात्र ३७ अंश पुरतात (नेहमीपेक्षा तो किती चढला हेही बघतात). म्हणजे आमचे ३७ हलक्यात घेण्यासारखे नाहीत, हे शास्त्रालाही मान्य आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानात भर दुपारच्या कार्यक्रमाला बसलेली माणसं उष्माघातानं दगावली, ते आठवत असेल. तिथेही पारा चाळिशीच्या आतच होता.

आता या हवेत गॅसच्या दोन शेगड्या पेटवा. एकीवर कुकर, दुसरीवर तवा. पोळ्या करताना पंखा लावायचा नाही, कारण ज्योत विझते. तिथे किती अंश होतात हे कुठल्याच बातमीत येत नाही. त्यातच मे महिना म्हणजे वर्षाच्या बेगमीचा महिना. आंब्याचं साठं, फणसपोळी, फेण्या, मिरगुंडं, लोणची, मुरांबे. रातांब्याची सालं सुकवून सोलं करायची, मीठ घालून आगळ काढायचं, साखरेत सालं घालून बरणी उन्हात ठेवायची म्हणजे सरबताचं कोकम होतं. गंमत बघा, घरादाराला गार करणारी प्रत्येक वस्तू कुणीतरी घामाघूम होऊनच केलेली असते. पन्ह्याच्या कैऱ्या उकडतात तेव्हा त्या वाफेपाशी कोण उभं असतं?

आमच्या घरात तिथे आत्या उभ्या असतात.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. वयाच्या तेविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि त्या माहेरी परत आल्या. आज पंचाहत्तरीला आल्यात. मी या घरात आले तेव्हापासून बघतेय, त्यांच्या हातच्या पन्ह्याला तोड नाही. कैरी उकडून गर काढतात, तो चाळणीतून गाळतात, गूळ घालतात तो हातानं अंदाजानं. वेलदोडा, केशराच्या चार काड्या आणि मीठ. ते मीठ किती घालायचं हे त्यांनाच ठाऊक. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे गल्लीतल्या सगळ्या जणी येतात त्या निम्म्या या पन्ह्यासाठीच, असं मी नेहमी गमतीनं म्हणते.

चैत्रातलं हे हळदीकुंकू मला फार आवडतं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. मधल्या दिवसांत सोयीनं एकीकडे आज, दुसरीकडे उद्या. कैरी घालून वाटलेली डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. वाळ्याचं अत्तर असलं तर काय विचारता! ऐन उकाड्यात बायकांनी बायकांना बोलावून गारवा द्यायचा, अशी ही रीत. ज्या कुणी ती सुरू केली असेल, तिला उकाडा म्हणजे काय ते नक्की कळत होतं.

पण एक गोष्ट सांगायला मला आज लाज वाटते. इतकी वर्षं हे हळदीकुंकू मी आमच्या घरी केलं, आत्यांच्या हातचं पन्हं भरभरून वाटलं, वाहवा घेतली आणि आत्या आत स्वयंपाकघरात बसून राहिल्या. त्यांना बाहेर या म्हणून कुणी म्हटलं नाही. मीही नाही. ‘त्यांनाच आवडत नाही,’ अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती. सोयीची होती ना! सगळ्या गेल्यावर त्या तळाशी उरलेलं पन्हं भांड्यात ओतून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “यंदा जरा गूळ कमी झाला का गं?” म्हणजे चव बघायला मिळायची ती सगळं संपल्यावर. हेही पार्सलच की!

पुतण्याच्या त्या वाक्यानं हे सगळं एकदम वर आलं. दुसऱ्या दिवशी चार वाजताच मी जाहीर केलं, “आज रात्री पिठलं-भात. तोही आम्ही आल्यावर. आम्ही चौघी मांडवीला चाललोय.” घरात क्षणभर शांतता. दीर म्हणाले, “वहिनी, तब्येत बरी आहे ना?” आत्यांना तयार करायला मात्र अर्धा तास गेला. “मी कशाला? माझं काय तिथे?” शेवटी धाकटीनं त्यांच्या पायांत चपला सरकवल्या, तेव्हा उठल्या.

मांडवीला वारा होता. गाडीवाल्यानं पोत्यातून लादीचा तुकडा काढला, धुतला आणि रंध्यावर घासायला लागला. आता बऱ्याच ठिकाणी दांडा फिरवायचं यंत्र असतं, पण याच्याकडे अजून सुताराचा असतो तसा उलटा बसवलेला रंधा. खालच्या डब्यात भुरभुर बर्फ पडतो. तो काडीभोवती दाबायचा, पेल्यात धरायचा आणि वरून बाटलीतला रंग. आत्या लहान मुलीसारख्या बघत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या लहानपणी बर्फ म्हणजे तापकऱ्याच्या कपाळावर ठेवायची वस्तू.” गाडीवाल्यानं विचारलं, “आजी, कुठला देऊ? ऑरेंज, रोझ, कच्ची कैरी, काला खट्टा?” आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचाहत्तर वर्षांत ‘तुम्हाला कुठला?’ हा प्रश्न त्यांना किती वेळा विचारला गेला असेल, कोण जाणे. मी मुद्दामच गप्प बसले. जरा वेळानं त्या म्हणाल्या, “काळा दे.”

काला खट्टा म्हणजे जांभळासारखी तुरट-आंबट चव आणि वर काळं मीठ. पहिला घोट त्यांनी इकडेतिकडे बघत, पदराआडून घेतला. दुसऱ्याला पदर खाली आला. तिसऱ्याला “सुर्र” असा आवाज आला आणि आम्ही तिघी हसलो, तशा त्याही हसल्या. “अजून जरा रंग मार रे,” हे पुतण्याचं वाक्य त्यांनी कधी ऐकून ठेवलं होतं कोण जाणे, पण त्यांनी ते तंतोतंत म्हटलं! घरी परतताना मात्र फाटकापाशी थांबून त्यांनी विचारलं, “जीभ काळी दिसतेय का गं? कुणी काही म्हणेल का?”

हे ‘कुणी काही म्हणेल का’ सगळ्यात वाईट. बाईमाणसानं रस्त्यात उभं राहून काडीचं काही चोखत खाणं आपल्याकडे बरं दिसत नाही. पुरुषानं पानाच्या टपरीपाशी तासभर उभं राहिलेलं चालतं. आपण भाजीच्या पिशव्या सांभाळत गाडीवरून नुसती नजर फिरवतो आणि पुढे जातो. फारच वाटलं तर “पोराला हवाय हो,” म्हणून घेतो आणि त्याच्यातला एक घोट मारतो. म्हणजे इथेही निमित्त पोराचं.

जपानमध्ये साधारण हजार वर्षांपूर्वी राजदरबारात सेई शोनागोन नावाची एक बाई होती. तिनं आपल्याला काय काय आवडतं, काय देखणं वाटतं, याच्या याद्या लिहून ठेवल्या. त्यात देखण्या, तलम गोष्टींच्या यादीत तिनं खिसलेला बर्फ घातलाय, नव्या कोऱ्या धातूच्या वाडग्यात, वर वेलीचा गोड रस घातलेला. हजार वर्षांपूर्वीची बाई खिसलेला बर्फ आपल्याला आवडतो म्हणून खुशाल लिहून ठेवते आणि आपण गोळा खाऊन जीभ लपवतो! तोच बर्फ पुढे जपानी मजुरांबरोबर हवाई बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत गेला आणि आज तिथली ओळख होऊन बसलाय. आपल्या देशात तर १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजात भुसा भरून बर्फ कलकत्त्याला आला. पुढे मुंबईतही त्यासाठी बर्फघर बांधलं होतं. तो बर्फ तेव्हा साहेबांच्या आणि शेठजींच्या पेल्यांत पडायचा. पुढे कारखान्यात लाद्या व्हायला लागल्या, तेव्हा कुठे तो रस्त्यावरच्या गाडीवर आला आणि पोराटोरांना मिळाला. साहेबापासून पोरापर्यंत पोचलेला बर्फ घरातल्या आत्यापर्यंत पोचायला मात्र पुढे किती वर्षं लागली, बघा.

आता काही जणी म्हणतील, “बाई गं, पण तो बर्फ कसला असतो?” हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. आमच्याकडे मिरकरवाडा बंदरात मासळीसाठी बर्फ लागतो. तो खायच्या पाण्याचा असावा असं काही नाही. म्हणूनच खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, म्हणजे ओळखू येईल, असा आदेश महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनानं २०१८ साली काढला. तेव्हा लादी निळसर दिसली तर तिथून निघायचं. पण पांढरी दिसली म्हणजे चांगलीच असंही धरू नका. गोठवल्यानं पाण्यातले सगळे जंतू मरत नाहीत. कावीळ आणि टायफॉइड असल्याच पाण्यातून येतात. गाडीवाल्याला सरळ विचारा, बर्फ कुठला, पाणी कुठलं. लादी जमिनीवर टाकलेली असेल, हात आणि फडकं कळकट असेल, तर जीभ कितीही वळवळली तरी नको. रंगांचंही तसंच. कायद्यानं मोजक्याच खाद्यरंगांना परवानगी आहे आणि त्यांचंही प्रमाण ठरलेलं आहे. डोळ्यांत खुपेल इतका भडक रंग दिसला तर समजून जावं. घरात लहान बाळ, पोटुशी लेकसून, आजारातून उठलेलं माणूस असेल, तर उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ घरीच लावा, मिक्सरमधून थांबून थांबून फिरवा आणि वर आपलं कोकम किंवा पन्ह्याचा गर घाला. मधुमेह असेल तर त्या गोड पाकापासून लांबच राहिलेलं बरं.

आणि गोळ्यानं उष्णता कमी होते, या भ्रमात राहू नका. क्षणभर घशाला गार वाटतं, इतकंच. घामावाटे जे पाणी आणि मीठ जातं, ते भरून काढायला आपलं मीठ घातलेलं पन्हं, कोकम, ताक हेच खरं. दुपारी उन्हातून आल्यावर आधी पाणी, पन्हं. गोळा संध्याकाळी, मजेसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की या मजेतही बाईचा वाटा हवा आणि तो तिला गाडीपाशी उभं राहून मिळायला हवा.

त्यासाठी फार मोठी क्रांती करायला नको. मे महिन्यात आठवड्यातून एक संध्याकाळ घरात चूल नाही, एवढं ठरवून टाका. पाहुणे रागावत नाहीत हो. आमच्याकडच्या पाहुण्यांनी दुसऱ्या आठवड्यात स्वतःच कांदे चिरून दडपे पोहे केले. पोहे जरा कोरडे झाले होते, पण आम्ही मुकाट्यानं खाल्ले. मुलांना सांगा की आईला काय आणू असं विचारू नका, आईला चल म्हणा. आणि जाताना घरातली जी बाई सगळ्यात जास्त ‘मी कशाला?’ म्हणते, तिला पहिली घेऊन निघा.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं, असं सांगितलं. मी ती बातमी वाचली होती. ‘छान झालं’ असं म्हणून कागद घडी करून ठेवला होता. आपल्याच स्वयंपाकघरात बसलेली बाई तेव्हा मला दिसली नव्हती. ती दिसायला एक गोळा लागला. गाडीवाल्यानं त्यांचं कपाळ बघितलं नाही, फक्त रंग विचारला. मग आमच्या गौरीनं तरी का बघावं?

यंदाच्या चैत्रात हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मी आत्यांना म्हटलं, “उद्या तुम्ही बाहेर बसायचं. कुंकू मी लावणार.” त्या बराच वेळ कैऱ्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “कुंकू नको गं. पन्नास वर्षांनी ते मला माझं वाटणार नाही. पण पन्हं बाहेर बसून पिईन.” मी आग्रह केला नाही. त्यांना काय हवं, काय नको, हे त्यांनीच ठरवायचं होतं. त्या दिवशी त्या गौरीच्या शेजारी खुर्चीत बसल्या, पहिला पेला मी त्यांच्या हातात दिला. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, नाही असं नाही. पण समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकू, ज्या चार वर्षांपूर्वी काका गेल्यापासून यायच्या बंद झाल्या होत्या, त्यांना आत्यांनीच अंगणातून हाक मारली, “अहो, या ना! पन्हं घ्या.” आणि त्या आल्या.

पन्हं पिऊन झाल्यावर आत्यांनी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “यंदा गूळ बरोबर झालाय.”

मे महिना पुन्हा आलाय. दारात चपला मावत नाहीयेत. काल संध्याकाळी पुतण्या म्हणाला, “काकू, निघतोय आम्ही.” मी काही म्हणायच्या आत आतून आवाज आला, “थांब रे, मी चपला घालते.”